डोळ्यांना उजेड सोसत नव्हता, तेव्हा त्याने सूर्यासाठी देवाचे आभार मानले

साल १२२५. इटलीतल्या असिसी गावाबाहेर सान दामियानो नावाचं एक छोटं चर्च. त्याला लागून चटयांचा आडोसा करून उभी केलेली अंधारी खोली. आत चाळिशी ओलांडलेला एक माणूस पडून आहे. त्याचे डोळे इतके दुखतायत की दिवसा सूर्याचा उजेड सोसत नाही आणि रात्री चुलीतल्या जाळाचाही नाही. पन्नासहून जास्त दिवस तो असाच अंधारात आहे. त्यात खोलीत उंदरांचा सुळसुळाट. झोपला की अंगावरून धावतात, जेवायला बसला की अन्नापर्यंत येतात.

अशाच एका वाईट रात्रीनंतर तो सकाळी उठून बसला, सोबत्यांना बोलावलं आणि आपण रचलेलं एक गाणं त्यांना ऐकवलं. गाणं होतं देवाच्या उपकारस्तुतीचं. आणि त्यात पहिला मान कुणाला? तर सूर्याला. ज्याच्याकडे त्याला डोळे उघडून बघताही येत नव्हतं, त्याच सूर्याला.

हा माणूस म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस.

आज रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, असं सांगणारी रील्स दर दोन मिनिटांनी समोर येतात. कृतज्ञता हा शब्द इतका वापरून झालाय की त्याचं वजनच उरलेलं नाही. पण आठशे वर्षांपूर्वी एका माणसाने रोज आभार मानणं हीच जगण्याची पद्धत करून टाकली होती. तीही सगळं छान चाललंय म्हणून नाही.

आधी एक गोंधळ दूर करू

आपल्याकडे संत फ्रान्सिस म्हटलं की पटकन गोवा आठवतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत, ज्यांना गोंयचो सायब म्हणतात, ते संत फ्रान्सिस झेवियर. ते सोळाव्या शतकातले जेझुइट धर्मगुरू. आपली गोष्ट ज्याची आहे तो फ्रान्सिस त्यांच्याही तीनशे वर्षं आधीचा.

पण गोव्याशी याचंही नातं आहे. बॉम जेझूच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे से कॅथेड्रलच्या शेजारी जे चर्च दिसतं, ते असिसीच्या फ्रान्सिसच्या नावाचं. त्याच्या पंथाचे संन्यासी १५१७ साली गोव्यात आले. आताचं चर्च १६६१ सालचं आहे आणि त्याला लागून असलेल्या त्यांच्या मठात आज पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. वसईच्या किल्ल्यातही या फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत.

कापड व्यापाऱ्याचा लाडका मुलगा

फ्रान्सिसचा जन्म ११८१ किंवा ११८२ सालचा. वडील पिएत्रो दी बर्नार्दोने हे असिसीतले बडे कापड व्यापारी. मुलगा जन्मला तेव्हा ते धंद्यासाठी फ्रान्सला गेले होते. आईने बाप्तिस्म्यात नाव ठेवलं जोवान्नी. वडील परत आले आणि त्याला फ्रान्चेस्को म्हणू लागले. पुढे तेच नाव राहिलं.

पोराला कशाचीच कमी नव्हती. उंची कपडे, मित्रांचा घोळका, रात्री गावभर गाणी आणि मेजवान्या, आणि या सगळ्याचा खर्च बापाच्या गल्ल्यातून. स्वप्न एकच, मोठा योद्धा व्हायचं.

ती संधीही आली. १२०२ साली असिसी आणि शेजारच्या पेरुजिया शहरात लढाई झाली. असिसी हरली आणि फ्रान्सिस पकडला गेला. जवळपास वर्षभर तो कैदेत होता. सुटून आला तो आजारी होऊनच. अंथरुणातून उठल्यावर बाहेर पडला, तर पूर्वी आवडायची ती शेतं, द्राक्षमळे, डोंगर यांच्यात त्याला काहीच गोडी वाटेना. १२०५ च्या सुमारास नवं चिलखत घालून तो पुन्हा लढायला निघाला, पण स्पोलेतो गावापर्यंत जाऊन माघारी फिरला.

म्हणजे पुढे ज्याने चंद्र, वारा आणि पाण्यासाठी आभारगीत रचलं, त्याच्या आयुष्यात एक काळ असा होता की समोरचा सुंदर निसर्गही त्याला फिका वाटत होता. त्याला आभार मानणं जन्मजात येत नव्हतं. ते तो शिकला.

महारोग्याला मिठी

शिकला कुठे? तर जिथे जायची त्याला सगळ्यात जास्त किळस होती तिथे.

त्या काळी महारोग्यांना गावाबाहेर ठेवलं जायचं. फ्रान्सिसला त्यांची वस्ती लांबून दिसली तरी तो नाक दाबून घ्यायचा. एक दिवस घोडेस्वारी करताना वाटेत एक महारोगी समोर आला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरला, त्याला पैसे दिले आणि त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. त्यानंतर तो त्यांच्या वस्तीत जाऊन राहू लागला, जखमा धुऊ लागला.

मरणाआधी त्याने आपलं मृत्युपत्र सांगून लिहून घेतलं. त्यात वाटायला मालमत्ता नव्हतीच. सुरुवात होती ती या महारोग्यांच्या आठवणीने. आपल्याला त्यांच्यात देवानेच नेलं आणि जे आधी कडू वाटत होतं ते नंतर गोड झालं, असा त्याचा सूर होता. आयुष्यातली पहिली मोठी देणगी म्हणून त्याने आठवला तो सर्वात नकोसा वाटणारा प्रसंग.

बापलेकाचं भांडण

याच सुमारास पडक्या सान दामियानो चर्चमध्ये प्रार्थना करताना, मोडकळीला आलेलं माझं घर दुरुस्त कर, असं येशूने आपल्याला सांगितल्याचं त्याला जाणवलं. त्याने ते शब्दशः घेतलं. वडिलांच्या दुकानातलं कापड उचललं, फोलिन्योच्या बाजारात नेऊन विकलं, घोडाही विकला आणि पैसे चर्चच्या पाद्र्याला देऊ केले. पाद्री घाबरला. त्याने पैसे घेतले नाहीत.

वडील अर्थातच भडकले. त्यांच्या बाजूने बघितलं तर मुलाने सरळ सरळ चोरी केली होती. त्यांनी त्याला घरात साखळीने बांधून ठेवलं. ते बाहेरगावी गेल्यावर आईने सोडवलं. शेवटी १२०६ साली प्रकरण बिशपांसमोर गेलं. बिशपांनी पैसे परत करायला सांगितले. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, अंगावरचे सगळे कपडेही काढून वडिलांसमोर ठेवले आणि आता आपला पिता फक्त स्वर्गातला, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. बिशपांनी आपला झगा त्याच्याभोवती गुंडाळला.

चित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो. पण त्याची एक दुखरी बाजू आहे. पुढे फ्रान्सिस गावात भीक मागताना दिसला की वडील त्याला शिव्याशाप द्यायचे. ते इतकं लागायचं की त्याने एका गरीब म्हाताऱ्याला सोबत घेतलं. वडिलांनी शाप दिला की त्या म्हाताऱ्याने आशीर्वाद द्यायचा. जुन्या चरित्रांत बापलेकाच्या समेटाची गोष्ट नाही. ज्याने पुढे आगीला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं, त्याच्या स्वतःच्या घरातलं नातं तुटलेलंच राहिलं.

माझं काहीच नाही, म्हणून सगळंच मिळालेलं

१२०९ च्या सुमारास बारा जणांचा हा छोटा घोळका रोमला गेला आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जगण्याच्या पद्धतीला तोंडी मान्यता दिली. १२१२ साली असिसीतल्या एका सरदार घराण्यातली क्लेअर घर सोडून आली आणि तिच्यामुळे स्त्रियांचाही पंथ सुरू झाला. नियम कडक होते. शुभवर्तमानात येशू जसा जगला तसं जगायचं. स्वतःचं घर नाही, जमीन नाही, पैशाला हात लावायचा नाही. हाताने काम करायचं आणि बदल्यात अन्न घ्यायचं. काम करूनही काही मिळालं नाही तर दारोदार मागायचं. या मागण्याला तो प्रभूच्या पंगतीला जाणं म्हणायचा.

त्याच्या आभाराचं सगळं गणित इथे आहे. एखादी गोष्ट माझ्या हक्काची आहे असं मानलं की ती मिळाल्यावर फार काही वाटत नाही, नाही मिळाली की मात्र राग येतो. महिन्याचा पगार, नळाचं पाणी, घरचा डबा, सगळ्याचं तेच. फ्रान्सिसने हक्काचा खातंच बंद केलं. मग भाकरीचा तुकडाही कुणीतरी दिलेला ठरतो आणि त्या देणाऱ्याच्या मागे त्याला देव दिसायचा.

चौदाव्या शतकातल्या फिओरेत्ती नावाच्या कथासंग्रहात याची एक मस्त गोष्ट आहे. फ्रान्सिस आणि त्याचा सोबती मास्सेओ एका गावात भीक मागतात. मास्सेओ उंच आणि देखणा, त्याला भाकरीचे मोठे तुकडे मिळतात. फ्रान्सिस बुटका आणि साधासा, त्याला थोडंच मिळतं. दोघं गावाबाहेर एका झऱ्यापाशी येतात, तिथल्या रुंद दगडावर सगळं मांडतात. फ्रान्सिस हरखून जातो. आपल्याला केवढा खजिना मिळालाय, असं पुन्हा पुन्हा म्हणतो. मास्सेओला कळेना. ना टेबलावर कापड, ना सुरी, ना ताटं, ना घर, ना वाढायला कुणी. कसला खजिना? फ्रान्सिसचं म्हणणं असं की हाच तर खजिना. भाकरी, दगड आणि झरा, यातलं काहीच माणसाच्या कष्टाने तयार झालेलं नाही, सगळं देवाने पुढे वाढलंय.

ही लोककथा आहे, इतिहास म्हणून तिच्यावर शपथ घेता येणार नाही. पण फ्रान्सिसला जवळून ओळखणाऱ्या परंपरेने त्याला कसं लक्षात ठेवलं, ते तिच्यातून नीट कळतं.

नाताळचा गोठा

१२२३ च्या नाताळात फ्रान्सिस ग्रेच्चो नावाच्या डोंगराळ गावात होता. त्याने एका ओळखीच्या गृहस्थाला सांगून गव्हाण, गवत, खरा बैल आणि खरं गाढव यांची सोय केली. रात्री मेणबत्त्या आणि मशाली घेऊन गावकरी आले आणि त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाली. देव जन्मला तोही गरिबाच्या घरचा पाहुणा म्हणून, थंडीत, गवतावर, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं एवढीच त्याची इच्छा होती.

आज नाताळात वसईत, मुंबईत, गोव्यात घराघरांत आणि चर्चच्या आवारात जे गोठे सजतात, त्या प्रथेचा धागा ग्रेच्चोच्या या रात्रीशी जोडला जातो.

मग आला तो अंधार

पण तोवर शरीर थकलं होतं. १२१९ साली पाचव्या क्रूसयुद्धाच्या धामधुमीत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दामिएत्ताला गेला होता. शत्रूची छावणी ओलांडून तो सुलतान अल-कामिल यांना भेटला आणि सुखरूप परत आला. डोळ्यांचा आजार त्याला तिथेच जडला असं मानलं जातं. पोट आणि यकृताचे आजारही होते. तो दूर असताना पंथात मतभेद सुरू झाले. हजारो माणसं आली होती आणि अनेकांना इतकी गरिबी झेपत नव्हती. शेवटी त्याने पंथाचा कारभार दुसऱ्यांकडे सोपवला. १२२४ साली ला वेर्ना डोंगरावर त्याच्या हातापायांवर आणि कुशीत येशूच्या जखमांसारख्या जखमा उमटल्या, असं त्याची चरित्रं सांगतात.

आणि १२२५ साली तो सान दामियानोच्या त्या खोलीत आला. तरुणपणी याच चर्चच्या भिंती त्याने स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या होत्या.

त्या रात्रीचा तपशील महत्त्वाचा आहे. उंदीर, वेदना आणि झोपमोड यांनी फ्रान्सिस खचला. त्याला स्वतःचीच कीव आली. सगळं छान आहे असं त्याने स्वतःला समजावलं नाही. त्याने देवाकडे मदत मागितली, हे सोसायचं बळ दे म्हणून. प्रार्थनेत त्याला स्वर्गाच्या राज्याचं आश्वासन मिळाल्यासारखं वाटलं. मग सकाळी गाणं आलं.

आधी रडणं, मग मागणं आणि मग आभार. हा क्रम विसरला की कृतज्ञता म्हणजे दुःखावर टाकलेली चादर होते.

गाण्यात नेमकं काय होतं?

या गाण्याला सूर्यगीत किंवा सृष्टीगीत म्हणतात. चर्चची भाषा होती लॅटिन, पण फ्रान्सिसने ते त्याच्या भागातल्या बोलीत, उंब्रियन भाषेत रचलं, म्हणजे बाजारातल्या माणसालाही ते गाता यावं. इटालियन साहित्यातल्या सर्वात जुन्या रचनांत आज त्याची गणना होते.

प्राणी-पक्ष्यांचा संत म्हणून फ्रान्सिस प्रसिद्ध आहे. पक्ष्यांना उपदेश केल्याची त्याची कथा सगळ्यांना माहीत असते. पण या गाण्यात एकही प्राणी नाही. त्यात सूर्य, चंद्र आणि तारे, वारा, पाणी, आग आणि धरती आहेत. म्हणजे रोज आपल्या आजूबाजूला असतात आणि म्हणूनच दिसेनाशा होतात अशा गोष्टी. प्रत्येकाला त्याने नातं दिलं. सूर्य, वारा आणि आग भाऊ, चंद्र आणि पाणी बहिणी, धरती बहीणही आणि आईही.

गाण्यात पेर हा एक छोटासा शब्द वारंवार येतो आणि त्यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. त्याचा अर्थ साठी असाही होतो आणि द्वारे असाही. म्हणजे सूर्यासाठी देवाची स्तुती, की सूर्यच देवाची स्तुती करतोय? पहिल्या अर्थाने माणूस आभार मानतो. दुसऱ्या अर्थाने आभाराचं काम आधीच चालू आहे आणि माणूस फक्त त्यात सामील होतो.

आग, भांडण आणि गाढव

गाणं रचून आजार बरा झाला नाही. पंथातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रह केला म्हणून त्याने उपचार घेतले. रिएतीजवळ फोन्ते कोलोंबो इथे वैद्याने लोखंडाची सळई लालबुंद तापवली. जबड्यापासून भुवईपर्यंत डाग द्यायचा होता. फ्रान्सिसने आगीकडे पाहून तिला भाऊ म्हणून हाक मारली आणि आज माझ्याशी जरा सौम्य वाग, अशी विनवणी केली. सोबतचे संन्यासी ते दृश्य बघवेना म्हणून बाहेर पळाले. उपचाराचा काहीच उपयोग झाला नाही.

त्याच काळात असिसीचे बिशप आणि शहराचा मुख्य अधिकारी यांच्यात कडाक्याचं भांडण जुंपलं. बिशपांनी अधिकाऱ्याला धर्मबहिष्कृत केलं, अधिकाऱ्याने बिशपांशी कुणी व्यवहार करायचा नाही असा हुकूम काढला. फ्रान्सिसने अंथरुणातूनच गाण्यात एक कडवं वाढवलं, क्षमा करणाऱ्यांसाठी. आपल्या माणसांना पाठवून ते दोघांसमोर गायला लावलं. तिथेच दोघांनी एकमेकांना मिठी मारली. स्वतःच्या बापाशी जे जमलं नव्हतं, ते त्याने गावातल्या दोन भांडखोरांसाठी घडवून आणलं.

आणखी एक हिशेब बाकी होता. तो आपल्या शरीराला गाढवभाऊ म्हणायचा. आयुष्यभर उपास, थंडी आणि जागरणं करून त्याने या गाढवाला राबवलं होतं. शेवटी एका सोबत्याने त्याला जाणीव करून दिली, की या शरीराने तुझं सगळं ऐकलं, मग आजारपणात त्याची काळजी का घेत नाहीस? फ्रान्सिसने चूक कबूल केली आणि आपल्या शरीराची माफी मागितली. जगातल्या सगळ्यांचे आभार मानताना एक जण राहून गेला होता.

शेवटची मिठाई

१२२६ च्या शरद ऋतूत आता फार दिवस नाहीत हे वैद्याने स्पष्ट सांगितलं. फ्रान्सिसने मरणाचंही स्वागत केलं आणि गाण्यात शेवटचं कडवं घातलं, मृत्यू नावाच्या बहिणीसाठी.

मग त्याने रोममधल्या याकोपा नावाच्या विधवेला निरोप धाडायला सांगितलं. ती त्याची जुनी हितचिंतक. मागणी होती प्रेतासाठी राखाडी कापड, मेणबत्त्या आणि ती रोममध्ये करायची ती बदामाची मिठाई. निरोप निघायच्या आतच याकोपा सगळं घेऊन दारात हजर झाली, असं सांगतात. आयुष्यभर चवीचं खाणं टाळणाऱ्या माणसाने शेवटी मैत्रिणीच्या हातचा गोड पदार्थ मागितला. त्याला त्यातलं जेमतेम थोडंसंच खाता आलं.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी पोर्त्सिउंकोला या छोट्या चर्चपाशी तो गेला. त्याच्या इच्छेनुसार त्याला उघड्या जमिनीवर ठेवलं होतं. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ ला, चर्चने त्याला संत घोषित केलं.

आज काय उरलंय?

२०१३ साली पोप झालेल्या कार्डिनल बेर्गोलिओ यांनी फ्रान्सिस हे नाव घेतलं ते याच संताचं. पर्यावरणावरच्या त्यांच्या २०१५ च्या पत्राचं लाउदातो सी हे नावही याच गाण्यातून आलंय. ४ ऑक्टोबर हा फ्रान्सिसचा सण आणि तोच जागतिक प्राणी दिन. २०२६ हे त्याच्या मृत्यूचं आठशेवं वर्ष.

जाता जाता फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी एक माहिती. मला तुझ्या शांतीचं साधन बनव अशा अर्थाची जी प्रार्थना त्याच्या नावाने जगभर फिरते, ती त्याची नाही. ती पहिल्यांदा छापली गेली १९१२ साली, एका फ्रेंच मासिकात.

त्याचं खरं गाणं कमी शेअर होतं, कारण त्यात साधी यादी आहे. ऊन, चांदणं, वारा, पाणी, चूल, माती. यातल्या पहिल्या नावाकडे तर, यादी रचली त्या दिवशी, त्याला बघताही येत नव्हतं. रोजच्या आभाराची सुरुवात फ्रान्सिसने जे हातात उरलंय तिथून केली नाही. जे आता आपल्या वाट्याला नाही पण तरीही सगळ्यांवर सारखं पडतंय, त्या उन्हापासून केली.